स्कॉट, जुडिथ

(१ मे १९४३ – १५ मार्च २००५). धाग्यांची शिल्पे घडवणाऱ्या अमेरिकन कलावंत. जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे, जुळ्या बहिणीसह. जुडिथ यांना डाउन सिंड्रोम होता, बहीण जॉइस यांना नव्हता. तान्ह्या वयातील आजारात जुडिथ यांची ऐकण्याची शक्ती गेली. हे बरीच वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि तोंडी प्रश्नांना उत्तर देत नाहीत म्हणून त्यांना ‘शिकण्यास अपात्र’ ठरवण्यात आले. सातव्या वर्षी त्यांना सरकारी संस्थेत ठेवले गेले. पुढची सुमारे पस्तीस वर्षे अशाच संस्थांत गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यास जॉइस यांनी कायदेशीर पालकत्व मिळवले आणि बहिणीला कॅलिफोर्नियात आपल्याकडे आणले.

ओकलंड येथील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ हे कलाकेंद्र फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि एलायस कॅट्झ या दांपत्याने १९७४ मध्ये सुरू केले. मोठ्या संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या अपंग प्रौढांना दिवसभर काम करायला जागा, साहित्य आणि सोबत हवी होती. अमुक चित्र असेच काढा, असे इथे कोणी शिकवत नाही. कलाकृती विकली गेली की निम्मी रक्कम कलावंताला मिळते. जुडिथ इथे येऊ लागल्या, पण रंग-कागदात त्यांचे मन रमेना. जवळजवळ दोन वर्षे तशीच गेली आणि केंद्राने त्यांना थांबू दिले. या थांबण्याचे मोल फार मोठे आहे. सहा महिन्यांत प्रगती मोजणाऱ्या ठिकाणी त्यांचे नाव केव्हाच कमी झाले असते.

त्यानंतर सिल्व्हिया सेव्हंटी या कलावतीने घेतलेल्या धागाकामाच्या कार्यशाळेत त्यांना आपले माध्यम सापडले. दाखवलेले काम बाजूला ठेवून त्यांनी काटक्यांना सूत गुंडाळायला सुरुवात केली. पुढे खुर्ची, पंखा, खरेदीची ढकलगाडी, हाती लागेल ती वस्तू गाभ्याला घेऊन त्या तिच्यावर लोकर, दोरा, कापडाच्या पट्ट्या गुंडाळत, गाठी मारत, ताणत, विणत. आतली वस्तू बहुधा पूर्ण झाकली जाई. एकेका शिल्पावर कित्येक आठवडे, कधी महिने काम चाले. एकदा सूत न मिळाल्याने त्यांनी कागदी हातपुसण्यांच्या गाठी मारून पांढरेशुभ्र शिल्प केले. अशी २०० च्या आसपास शिल्पे त्यांच्या नावावर आहेत. एकालाही त्यांनी शीर्षक दिले नाही.

या जोडलेल्या, बांधलेल्या आकारांत जुळ्या बहिणीची ताटातूट पाहण्याचा मोह अनेक लेखकांना झाला. जुडिथ यांनी स्वतः तसे काही सांगितलेले नाही. रंगांची निवड, ताण आणि वजनाचा तोल यांकडे लक्ष देऊन ही शिल्पे पाहणे त्यांना अधिक न्याय देणारे आहे. कला-इतिहासकार जॉन मॅकग्रेगर यांनी त्यांच्या कामावर १९९९ मध्ये ग्रंथ लिहिला. ब्रुकलिन म्युझियममध्ये २०१४-१५ मध्ये मोठे प्रदर्शन झाले आणि २०१७ च्या व्हेनिस बिएनालेतही त्यांची शिल्पे मांडली गेली.