केशप्रक्षालके, वनस्पतिज

केस व डोक्याची त्वचा स्वच्छ करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, वनस्पतींच्या फळांपासून, शेंगांपासून वा पानांपासून घरगुती रीतीने तयार केलेल्या पदार्थांना ही संज्ञा लावतात. भारतात शिकेकाई व रिठा ही यांतील प्रमुख होत. शिकेकाई ही बाभळीच्या गटातील काटेरी वेल असून पूर्वी तिचा समावेश ॲकेशिया प्रजातीत करीत. अलीकडील वर्गीकरणात तो सेनेगॅलिया प्रजातीत केला जातो. नावातील ‘काई’ हा अंश कन्नड-तमिळमधील ‘काय्’ (फळ) या शब्दाशी जुळतो. रिठ्याची ‘अरिष्टक’ व ‘फेनिल’ ही संस्कृत नावे असून त्यांपैकी दुसरे त्याच्या फेसावरून पडले आहे.

दोहोंतील क्रियाशील घटक सॅपोनीन हा होय. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्यात व दुसरा तेलात मिसळतो. त्यामुळे केसांवरील तेल व मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, तर साबण क्षारधर्मी असतो. शिवाय दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमाशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. सॅपोनिनामुळे असा साका तयार होत नाही. विहिरीच्या जड पाण्यावर राहणाऱ्या कुटुंबांना हा फरक रसायनशास्त्राच्या ज्ञानावाचूनही अनुभवाने ठाऊक होता. सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्यास आला आणि पुढे देशी कारखान्यांचे साबणही घरोघर पोहोचले. तरी अंगाला साबण व डोक्याला शिकेकाई ही विभागणी महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली, तिचे एक कारण हेच होय.

शिकेकाईच्या शेंगा व बिया काढलेली रिठ्याची साल उन्हात कडक वाळवून कुटतात व वस्त्रगाळ करतात. त्यांत आवळकाठी, मेथी, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळलेली साल इ. घालतात. शिकेकाईचा भाग सर्वांत मोठा असतो. रिठा अधिक झाल्यास केस कोरडे होतात. न्हाण्यापूर्वी ही पूड पाण्यात उकळून गाळून घेतात. सॅपोनीन डोळ्यांत गेल्यास आग होते, म्हणून ते जपून वापरावे लागते. कोरडी पूड हवाबंद डब्यात पुष्कळ दिवस टिकते. काढा मात्र लवकर आंबतो. तेल लावून न्हाण्याच्या प्रथेमुळे, विशेषतः दिवाळीतील अभ्यंगस्नानामुळे, हा व्याप वर्षानुवर्षे चालू राहिला. वाळवणे, कुटणे, चाळणे व उकळणे हे श्रम प्रायः घरातील स्त्रियाच करीत.

‘शांपू’ हा शब्द चंपी या अर्थाच्या हिंदी ‘चाँपना’ या क्रियापदावरून इंग्रजीत गेला. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन मुहंमद (१७५९–१८५१) यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे बाष्पस्नानगृह चालवून हे मर्दन लोकप्रिय केले व १८२२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. केस धुणे हा अर्थ त्या शब्दास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात संश्लिष्ट प्रक्षालकांवर आधारित शांपू अमेरिकेत निघाले. ते जड पाण्यातही साका न करता फेस देत. साबणाला जे साधले नव्हते, ते यांना साधले. भारतात मात्र बाटलीची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. तमिळनाडूतील कडलोर येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या चिक शांपूसारख्या उत्पादनांच्या छोट्या पुड्यांनी ती अडचण दूर केली आणि शांपू खेड्यांतील दुकानांत पोहोचला.

या बदलाने स्त्रियांचे बरेच कष्ट वाचले, हे नाकारता येत नाही. तथापि प्रमाणांचे ज्ञान बहुधा लिहून न ठेवता आईकडून मुलीकडे जात असल्याने, कुटणे थांबले तेथे तेही विसरले जाऊ लागले. आज शिकेकाईचे नाव अनेक शांपूंच्या वेष्टनांवर आढळते. परंतु त्यांतील फेस पुष्कळदा संश्लिष्ट प्रक्षालकाचा असतो व शिकेकाईचा अर्क अल्प प्रमाणात असतो.