तार, कार्ड आणि सात वाजताचा भोंगा

१९४२च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या. ‘चले जाव’च्या इतिहासात हा उल्लेख एका ओळीत येतो आणि संपतो. या धाग्यात त्या एका ओळीपाशी थोडे थांबू. शेतातून जाणाऱ्या मुक्या तारेवर गावकऱ्यांनी कोयता का चालवावा?

आधी थोडा भूगोल. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके तेव्हा त्यातच होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणून प्रतिसरकारचा इतिहास एकट्या साताऱ्याचा किंवा एकट्या सांगलीचा म्हणता येत नाही.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि त्यानंतरच्या दशकात हिंदुस्थानभर तारा पसरल्या. पण तार गावात शिरली नाही, ती गावावरून गेली. तिचे खरे धनी कचेरी, रेल्वे आणि मोठे व्यापारी. पैसे शब्दागणिक मोजायचे असल्याने सामान्य घर तारेच्या वाटेला जाई ते बहुधा कोणी गेल्यावरच. त्यामुळे ‘तार आली’ एवढे ऐकताच, कागद उघडण्याआधीच, घरात रडारड सुरू होई. वेगवान बातमी म्हणजे वाईट बातमी, हे समीकरण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत टिकले.

गावाचे खरे साधन वेगळे होते: पोस्टकार्ड. १८७९ मध्ये ते पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला, मिळू लागले. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि पलटणीत जात होते. या दोन सोयींनी त्यांचे घर आणि त्यांची मजुरी एकमेकांना बांधून ठेवली. गडी मुंबईत दाटीवाटीच्या खोलीत, बायको-पोरे गावी, आणि मधे खाकी पिशवीवाला पोस्टमन. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच ताटातुटीतून आली आहे.

या पत्रव्यवहारात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिहिणारा आणि वाचणारा बहुधा तिसराच असे. गावात पत्र वाचून दाखवी पोस्टमन नाही तर शाळामास्तर, आणि ऐकायला अर्धी आळी ओट्यावर. उत्तर दुसऱ्याच्या हाताने लिहून घ्यायचे, तेही सासू-सासऱ्यांसमोर. नवऱ्याला मनातले काय सांगणार? मनीऑर्डरीच्या कूपनवर दोन ओळींची जागा असे. ‘खुशाल आहे, पोरांना जपणे’ एवढ्यात ती भरून जाई. मग अंगठा उठवायचा आणि पैसे मोजून घ्यायचे. पत्रातला खासगीपणा या घरांत उशिरा, मुली शाळेत जाऊ लागल्यावर आला.

पलटणीचे गणित तर आणखी कठीण. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावात टपालाची वाट पाहणे म्हणजे काय असेल!

आता पुन्हा १९४२. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मारली गेली. मोर्चाचा मार्ग बंद झाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. तालुक्याच्या कचेरीतून एक तार गेली की जादा पोलीस येत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते. तारा तोडण्यामागचा विचार असा सरळ आणि व्यवहारी होता. तार तुटली की कलेक्टरचा निरोप आणि शेतकऱ्याचा निरोप एकाच वेगाने चालू लागतात. आणि पायी निरोप पोहोचवण्यात शेतकरी सरस होता. पाणंद कुठे निघते, कोणत्या वस्तीवर कुत्री भुंकतात, कोण फितूर आहे, हे त्याला माहीत होते.

पुढे डाक बंगले जाळले गेले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ त्यात आघाडीवर होते. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. ना तार, ना टेलिफोन. तोंडी निरोप आणि चिठ्ठ्यांवर प्रतिसरकारची न्यायदान मंडळे चालली.

मात्र या कथेला एक बोचरी बाजू आहे, ती गौरवग्रंथांत क्वचित येते. याच गावांतली अनेक पोरे तेव्हा सरकारच्या पलटणीत होती आणि त्यांचे पैसे सरकारच्याच टपालातून येत. टपाल-तारेची व्यवस्था मोडणाऱ्याच्या शेजारच्या घरात कुणी मनीऑर्डरीची वाट पाहत बसलेले असे.

नंतरचा प्रवास आपल्या परिचयाचा आहे: रेडिओ, एसटीडी बूथ, मोबाइल. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा गावांत फारसे कुणाला कळलेही नाही.

आणि २०२२ मध्ये याच जुन्या सातारा मुलखातल्या, आता सांगली जिल्ह्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने पुन्हा संपर्काची तार तोडली. या वेळी आपल्याच घरातली, रोज दीड तासापुरती. करोनाकाळात शाळा फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातून सुटेना. १४ ऑगस्टला महिलांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचे ठरले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो.

१९४२शी याची तुलना पुरती जुळत नाही, हे उघड आहे. इथे ना गोळीबार, ना परका सत्ताधीश. पण दोन्ही वेळा निर्णय गावाने घेतला. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक दारोदार फिरले. त्या दीड तासात मुले पुस्तक घेऊन बसू लागली, मोठी माणसे ओट्यावर येऊन बोलू लागली. ज्या ओट्यावर पूर्वी एकाचे कार्ड सगळ्यांना वाचून दाखवले जाई, तिथेच.