पांढरा हायब्रिड टी गुलाब आणि किनाऱ्यावरचा ओलावा

रत्नागिरी, अलिबाग, वेंगुर्ले अशा गावांत समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाने गुलाबाचे नाव काढले की एक सल्ला हमखास मिळतो: इथे नको, गुलाब देशावरचा. कारण म्हणून खाऱ्या हवेकडे बोट दाखवले जाते. खारेपणा त्रास देतो हे खरे, पण तो या प्रश्नाचा एक भाग झाला. किनाऱ्यावर गुलाबाचे भवितव्य ठरते ते पाण्याच्या मुक्कामावर. पाणी पाकळीवर, पानावर आणि मुळाशी किती वेळ थांबते आणि निघून जाताना मागे काय ठेवते, एवढे नीट पाहिले तर छोट्या परसातही पांढरा हायब्रिड टी चांगला येतो.

पांढरा आणि तोही हायब्रिड टी, ही सर्वांत कठीण निवड आहे. फ्रान्समधल्या गियो यांनी १८६७ मध्ये आणलेल्या ‘ला फ्रान्स’पासून हा वर्ग धरला जातो. चीनकडून आलेल्या टी गुलाबांची लांब, टोकदार कळी आणि पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय त्यात उतरली. टी गुलाबांचे पूर्वज उबदार प्रदेशातले असल्यामुळे या झाडाला फुलण्यासाठी कडक थंडी लागत नाही, आणि आपल्याकडे तो जगतो त्याचे मोठे कारण हेच. अडचण त्याच्या फुलण्याच्या रीतीत आहे. लांब दांडी आणि तिच्या टोकाला बहुधा एकच मोठे फूल. फ्लोरिबंडाच्या घोसात चार फुले डागाळली तरी उरलेली लाज राखतात. इथे एक फूल नासले तर छाटणीपासूनची दीड महिन्याची वाट वाया जाते.

पांढरेपणाचे शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. लाल-गुलाबी छटा देणारी अँथोसायनिन ही रंगद्रव्ये पांढऱ्या पाकळीत जवळजवळ नसतात. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते, तिथे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि पाकळी शुभ्र दिसते. पाकळी दबली, चिरडली किंवा फार वेळ भिजून पेशी फुटल्या की त्या पोकळ्यांत पाणी शिरते. मग तेवढा भाग आधी काचेसारखा अर्धपारदर्शक होतो आणि नंतर तपकिरी पडतो. लाल फुलावरही हे घडते, तिथे ते गडद रंगात लपते. बोट्रायटिस या करड्या बुरशीचेही असेच. तिचे बीजाणू दवाच्या थेंबात रुजतात आणि पांढऱ्या पाकळीवर गुलाबी कड्यांचे बारीक ठिपके उठतात. पुष्कळांना ती फुलाची नैसर्गिक छटा वाटते. वरून दिसणारे ठिपके बुरशीचे असतील, तर कळीच्या पाकळ्यांच्या कडा आधीच करपलेल्या असणे हे बहुधा फुलकिड्यांचे काम. ते बंद कळीच्या आत बसून रस शोषतात, त्यामुळे फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांचा जोर उन्हाळ्यात असतो. माझ्या मते एप्रिल-मेमध्ये फुलाचा हट्ट धरूच नये. कळ्या खुडून टाकाव्यात, झाडाची ताकद वाचते आणि फुलकिड्यांचा आसराही जातो.

पानांच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवावा. काळ्या ठिपक्यांच्या रोगाच्या बीजाणूला रुजून आत शिरायला पान सलग सुमारे ७ तास ओले लागते. या रोगाविरुद्धची सारी व्यवस्था याच ७ तासांभोवती रचायची. संध्याकाळी झाडावर पाणी शिंपडणे म्हणजे रोगाला रात्रभराची मुभा देणे. दोन झाडांमध्ये ९० सेंटिमीटर अंतर ठेवले तर हवा खेळते आणि पान लवकर सुकते. तीन मीटर बाय चार मीटरच्या जागेत, वावरायला वाट सोडून, सहा ते आठ झाडे पुरे. गळलेली पाने त्याच दिवशी उचलावीत, कारण बुरशी त्यांच्यावर टिकून राहते.

पावसाळ्यात हे सात तासांचे गणित कोलमडते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा पान सुकतच नाही. सुपारीच्या बागेतले बोर्डो मिश्रण गुलाबावरही मारण्याचा मोह होतो. पण सततच्या ओलीत तांबे गुलाबाच्या कोवळ्या पानांना भाजू शकते, आणि पांढऱ्या फुलावर निळसर डाग पडतात ते वेगळेच. फवारण्यांवर होणारा खर्च झाडांवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर घालण्यासाठी वापरावा, असे माझे ठाम मत आहे. चारही बाजू उघड्या, वर फक्त पत्रा. वारा अडत नाही, उजेड फारसा जात नाही आणि पान कोरडे राहते. छप्पर शक्य नसेल तर जुलै-ऑगस्टमधली पानगळ सोसावी आणि फांद्या निरोगी ठेवण्याकडे लक्ष द्यावे. घराच्या पागोळ्यांखाली मात्र गुलाब कधीही लावू नये.

छोट्या बागेत जागेची निवड हा सर्वांत मोठा निर्णय, आणि कोकणात त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते: घराची पूर्व बाजू. आपला समुद्र पश्चिमेला. दुपारचे खारे वारे तिकडून मिठाचे सूक्ष्म तुषार घेऊन येतात आणि घर त्यांना आडवे येते. रात्रीचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, ते तुलनेने कोरडे असतात. डिसेंबर-जानेवारीत दव भरपूर पडते, पण पूर्वेला उघडीक असेल तर कोवळे ऊन लवकर पाकळीवर येऊन ते सुकवते. ऊन निदान सहा तास हवे. दुपारी लवकर सावली आली तरी चालते, उलट मार्चनंतर ती हवीच. पूर्वेला जागाच नसेल तर पश्चिमेला कण्हेरीची किंवा जास्वंदीची दाट रांग लावावी. कण्हेर खारा वारा चांगला सोसते. नुसता चिऱ्याचा उंच गडगा तितका उपयोगी पडत नाही. वारा त्याच्यावरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आपटतो. झिरपता आडोसा वाऱ्याचा वेग हळूहळू उतरवतो. एप्रिलमध्ये पाने हाताला खारट, चिकट लागू लागली की सकाळी गोड्या पाण्याने ती धुवावीत. सकाळी धुतलेले पान तासाभरात सुकते आणि बुरशीला संधी मिळत नाही.

मुळांकडे आता. जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, सामू साधारण ५ ते ६. गुलाबाला ६ ते ६.५ मानवतो. या मातीतले लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद पकडून ठेवतात, आणि पाऊस नत्र व पालाश वाहून नेतो. म्हणून थोडा चुना, भरपूर कुजलेले शेणखत, आणि खताचा एकच मोठा हप्ता देण्याऐवजी बरेच लहान हप्ते. पुळणीच्या वाळूत चित्र उलटे असते. तिथे शंख-शिंपल्यांचा चुना आधीच असतो, लोह मिळत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. अशा जागी चुना किंवा चुलीची राख घालणे घातक ठरते. माती तपासल्यावाचून काही घालू नये.

गुलाब मिठाला हळवा आहे. मेमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले की किनाऱ्याजवळ त्यात खारेपणा चढतो. ते पाणी थोडे थोडे रोज घातले तर झाड पाणी पिते, ऊन पाणी उडवते आणि मीठ मातीत साठत जाते. जुन्या पानांच्या कडा करपू लागतात. बागवान त्याला तहान समजून तेच पाणी पुन्हा घालतो. त्यापेक्षा पाळी लांबवावी, पण दर पाळीला इतके घालावे की मुळांखालून जादा पाणी निचरून जाईल आणि मीठ सोबत नेईल. कुंडीत हे करणे सोपे, तळातून पाणी वाहताना डोळ्यांना दिसते. कुंडी १२ इंचांहून लहान नको. आणि एक खबरदारी फार महत्त्वाची वाटते: काथ्याचा भुसा कोकणात सहज मिळतो, पण सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्यात मीठ असते. दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून, पिळूनच तो वापरावा.

छाटणी ऑक्टोबरच्या अखेरीस करावी. देशावर महिन्याच्या मध्याला करतात, पण किनाऱ्यावर ऑक्टोबरचे ऊन आणि दमट हवा यांत कापलेली टोके वरून खाली वाळत जातात. कापावर बोर्डो मलम लावावे. छाटणीपासून फुलायला ४५ ते ५० दिवस धरले तर पहिला बहर डिसेंबरच्या मध्याला येतो. रात्री थंड असतात, कळी सावकाश भरते, पाकळ्या अधिक आणि मोठ्या होतात. दुसरा बहर फेब्रुवारीत.

जात निवडताना पाकळ्या मोजाव्यात. ‘कायझरिन ऑगस्ट व्हिक्टोरिया’ (१८९१) हे जर्मन फूल जुने आणि सुगंधी, पण शंभराच्या आसपास पाकळ्यांची ती कळी दमट हवेत न उघडताच कुजते. ‘जॉन एफ. केनेडी’ला ऊब मानवते, तरी पाकळ्या दाट. ‘व्हर्गो’ देखणा असला तरी भुरीला लवकर बळी पडतो. किनाऱ्यासाठी माझी पहिली पसंती बेल्जियमच्या लुई लेन्स यांच्या १९६३ च्या ‘पास्काली’ला. पाकळ्या तीसच्या आसपास, कळी मोकळी उघडते आणि पावसाचे चार शिंतोडे ती सोसते. सुगंध बेताचा, हे मान्य करून घ्यावे. दुसरी जागा डॉ. बी. पी. पाल यांच्या ‘डॉ. होमी भाभा’ला द्यावी. गव्हावर आयुष्य वेचलेल्या या शास्त्रज्ञाने भारतीय हवेत गुलाब निर्माण केले, आणि ते इथे लावून पाहणे अगत्याचे आहे. कलम घेताना मात्र जातीच्या जोडीला डोळा कोणत्या खुंटावर भरला आहे हेही रोपवाटिकेत विचारावे. आम्लधर्मी जांभ्याला मल्टिफ्लोरा खुंट चांगला लागतो, आणि चुनखडीच्या पुळणीत तोच पिवळा पडतो.