विष्णुपंत छत्रे यांचें रिंगण

मोठ्या जत्रेच्या मैदानावर लाकडी फळ्यांची एक विहीर उभी केलेली असते. लोक बाहेरच्या जिन्यानें वर चढतात आणि कांठावरून आंत वांकून पाहतात. तळाशीं मोटारसायकल सुरू होते. स्वार प्रथम सपाट जमिनीवर फेऱ्या घेतो, मग कडेच्या उतरत्या फळ्यांवर येतो आणि अखेर सरळ उभ्या भिंतीवर चढून आडवा होऊन धांवूं लागतो. थोड्याच वेळांत तो हात सोडतो, कांठाजवळ येतो आणि एकाद्या प्रेक्षकानें पुढें धरलेली नोट टिपून पुन्हां खालीं जातो. ‘मौत का कुआँ’ या नांवानें हा खेळ सर्वांस ठाऊक आहे. सर्कशीच्या तंबूंतील लोखंडी जाळीचा गोल हें त्याचेंच दुसरें रूप होय.

पाहणाऱ्याला वाटतें कीं हें सारें यंत्रयुगाचें अपत्य आहे. यंत्रापुरतें तें खरें आहे. उभ्या भिंतीचा हा खेळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत रूपास आला आणि १९२९ च्या सुमारास इंग्लंडांत लोकप्रिय झाला. परंतु वर्तुळांत वेगानें फिरावयाचें, त्या वेगाच्याच आधारानें तोल सांभाळावयाचा आणि पाहणाऱ्यांनीं त्याचें मोल द्यावयाचें, ही विद्या मोटारसायकलीहून पुष्कळ जुनी आहे. महाराष्ट्रांत तिला धंद्याचें आणि संस्थेचें रूप ज्यानें दिलें, तो स्वार घोड्यावर बसणारा होता. त्याचें नांव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

प्रथम त्या वर्तुळाचेंच रहस्य पाहिलें पाहिजे. इंग्रजी घोडदळांतून निवृत्त झालेला फिलिप ॲस्टली यानें १७६८ सालीं लंडनमध्यें घोडेस्वारीची शाळा काढून तेथें कसरती दाखविण्यास आरंभ केला. घोडा सरळ रेषेंत धांवत असेल तर पाठीवर उभें राहणें फार कठीण; पण तो बेताच्या वर्तुळांत एकसारख्या चालीनें धांवत असला, म्हणजे घोडा आणि स्वार दोघेहि मध्याकडे कलतात आणि त्या कलण्यांतच स्वाराला स्थैर्य लाभतें. अनुभवानें ४२ फुटांचा व्यास सर्वांत सोयीचा ठरला आणि पुढें जगांतील सर्कशींचें रिंगण त्याच मापाचें झालें. मृत्यूच्या विहिरींतहि नियम तोच आहे. तेथें व्यास सुमारें ३० फूट आणि वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर असतो. त्या वेगानें चाकें भिंतीवर इतकीं दाबलीं जातात कीं, स्वाराला आपलें वजन अडीच-तीन पटींनीं वाढल्यासारखें भासतें. हा दाब आणि त्यांतून उत्पन्न होणारें घर्षण हाच त्याचा आधार. वेग कमी झाला कीं आधार सुटला. म्हणून या विद्येंत निव्वळ धाडसाला फारसें स्थान नाहीं. तेथें लागतो तो अचूक अंदाज, आणि तो पुष्कळ सरावाखेरीज येत नाहीं.

विष्णुपंतांचा जन्म कृष्णाकांठच्या अंकलखोप या गांवीं झाला. हें गांव आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, तशी मराठ्यांच्या घोडदळाचीहि सद्दी संपली. तथापि सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी, रामदुर्ग अशा दक्षिणेकडील लहान लहान संस्थानांतून पागा शिल्लक राहिल्या होत्या, आणि त्या पागांबरोबर घोडें वळविणाऱ्या चाबुकस्वारांची विद्याहि जिवंत राहिली होती. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या या तरुणाला पोथीपेक्षां घोड्याची ओढ अधिक. दुसरी ओढ गाण्याची. या दोन्ही ओढींनीं त्याला ग्वाल्हेरीस नेलें. तेथें बाबासाहेब आपटे हे नामांकित अश्वशिक्षक होते, आणि हद्दू खाँ यांच्यासारखे थोर गवईहि तेथेंच होते. विष्णुपंतांनीं एकाकडून घोड्याची विद्या घेतली आणि दुसऱ्याकडून गाणें. या दोन विद्या वरवर दूरच्या दिसतात. पण लयीचें भान दोहोंतहि लागतें, आणि दोहोंनाहि त्या काळीं संस्थानिकांच्या आश्रयावांचून दुसरा थारा नव्हता.

विष्णुपंतांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग याच ठिकाणीं येतो. ज्युसेप्पे किआरिनी नांवाचा इटालियन मनुष्य आपली ‘रॉयल इटालियन सर्कस’ घेऊन जगभर हिंडत होता. १८७९ च्या सुमारास तिचे खेळ मुंबईस झाले. कुरुंदवाडचे अधिपति आणि विष्णुपंत हे खेळ पाहावयास गेले होते, अशी हकीकत सर्कशीच्या इतिहासांत सांगितली जाते. हिंदुस्थानांत स्वतःची सर्कस निघण्यास अजून फार काळ लागेल, अशा अर्थाचे उद्गार किआरिनीनें काढले. ते विष्णुपंतांच्या जिव्हारीं लागले आणि त्यांनीं हें आव्हान पत्करलें. अशा हकीकतींना कालांतरानें थोडाबहुत रंग चढतोच. पण पुढें जें घडलें, तें मात्र निश्चित आहे. २० मार्च १८८० या दिवशीं मुंबईंत विष्णुपंतांच्या ‘ग्रँड इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. हिंदी माणसानें उभारलेली ही पहिली आधुनिक सर्कस होय.

घोड्यांचीं कामें स्वतः विष्णुपंत करीत. त्यांच्या पत्नीनेंहि झोक्यावरील कसरती केल्या आणि जनावरें शिकविलीं, असें या सर्कशीच्या हकीकतींतून सांगितलें जातें. १८८० सालच्या समाजांत ही गोष्ट किती धारिष्टाची होती, हें निराळें सांगावयास नको. स्त्रीनें नाटकांतदेखील उभें राहूं नये, तिच्या भूमिका पुरुषांनींच कराव्या, असा तो काळ. त्या काळीं पंक्तींतल्या लोकांनीं काय म्हटलें असेल, याची कल्पना कोणासहि करतां येईल. परक्याच्या टोमण्याला उत्तर देणें एक वेळ सोपें. घरच्या कुजबुजीला न जुमानतां रोज रिंगणांत उतरणें त्याहून अवघड.

ही सर्कस पुढें उत्तर हिंदुस्थानांत आणि दक्षिणेंत हिंडली, तशीच समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाकडे आणि पूर्वेकडील देशांकडेहि गेली. सर्कशीचा पसारा मोठा. तंबू, खांब, घोडे, पिंजरे, माणसें आणि त्यांचा संसार हें सर्व हलवावयाचें तर आगगाडी किंवा आगबोट पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोहमार्गांचें जाळें पसरलें नसतें, तर विष्णुपंतांची हिंमत एखाददुसऱ्या संस्थानाच्या पागेंतच राहिली असती. याचा दुसरा अर्थ असा कीं, जेथें आगगाडी नव्हती तेथें सर्कस क्वचितच पोंचे. कोंकणांतील पेण-रोह्याचेंच उदाहरण घ्यावें. मुंबई तेथून जवळ. तरी रोह्याला आगगाडी येण्यास १९८६ साल उजाडलें. मृत्यूच्या विहिरीला मात्र एवढा सरंजाम लागत नाहीं. तिच्या फळ्या सुट्या करून मालमोटारींत भरतां येतात आणि सडक असेल तेथें दोन-तीन दिवसांत पुन्हां उभ्या करतां येतात. रिंगणाची विद्या लहान गांवांच्या जत्रांपर्यंत जाण्यास सोपें वाहन मिळालें तें हें.

विष्णुपंतांच्या संगीतप्रेमाची कथाहि त्यांच्या सर्कशीपासून वेगळी काढतां येत नाहीं. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे विलक्षण गळ्याचे गवई. पण वडिलांच्या मागें त्यांच्या आयुष्याची घडी पार विसकटली होती. व्यसनानें ग्रासलेल्या आणि निराधार भटकणाऱ्या या गुरुपुत्राला विष्णुपंतांनीं आपल्या जवळ आणलें आणि आयुष्यभर सांभाळलें. सर्कशीचा मुक्काम जेथें पडे, तेथें रहिमत खाँचें गाणेंहि होई. अशा रीतीनें हा ‘भूगंधर्व’ देशभरच्या रसिकांच्या कानीं पडला. विष्णुपंतांच्या पश्चात् त्यांचे बंधु काशीनाथपंत यांनीं तोच भार उचलला. रहिमत खाँ १९२२ सालीं कुरुंदवाड येथें निवर्तले. घोड्यांच्या कसरतींवर मिळालेल्या पैशांतून ग्वाल्हेरीच्या गायकीचा एक दिवा असा तेवत राहिला.

विष्णुपंतांची सर्कस १८८० नंतरच्या दशकांत मलबारांतील तलश्शेरी येथें गेली, तेव्हां त्यांची गांठ कीलेरी कुंञिकण्णन् या व्यायामशिक्षकाशीं पडली. कुंञिकण्णन् आपल्या शिष्यांना तालमीचे आणि युद्धकलेचे धडे देत असत. विष्णुपंतांना चपळ आणि कसलेले कसरतपटु हवे होते. दोघांनीं एकमेकांची गरज ओळखली. कुंञिकण्णन् यांनीं १९०१ सालीं तलश्शेरीजवळ सर्कशीच्या शिक्षणाची शाळा काढली आणि तिच्यांतून निघालेल्या कसरतपटूंनीं पुढें देशांतील कित्येक सर्कशी भरून टाकल्या. इकडे महाराष्ट्रांतहि देवल, कार्लेकर, शेलार अशा सर्कशी निघाल्या. पुण्यास १९०२ सालीं जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीं आपल्या मामांच्या शेलार सर्कशींत शिरले आणि १९४० सालापासून अमेरिकेंतील रिंगलिंग ब्रदर्सच्या अवाढव्य सर्कशींत वाघ-बिबळ्यांचे शिक्षक म्हणून गाजले. हिंदुस्थानांत सर्कस निघणार नाहीं असें ज्या परदेशीयांपैकीं एकानें म्हटलें होतें, त्यांच्याच तंबूंत साठ वर्षांनीं एक मराठी माणूस मुख्य आकर्षण होऊन उभा राहिला.

विष्णुपंतांचें खरें कर्तृत्व याच ठिकाणीं दिसतें. घोडा उत्तम फेंकणारे स्वार त्यांच्या आधींहि होते, आणि त्यांतील कांहीं त्यांच्याहून सरस असतील. पण त्या स्वारांची विद्या धन्याच्या दारांत उपजली आणि त्यांच्याबरोबरच संपली. विष्णुपंतांनीं ती तिकिट काढून येणाऱ्या सामान्य माणसापुढें मांडली, तिच्यावर अनेक कुटुंबें पोसलीं आणि ती शिकवितां येईल अशी व्यवस्था होण्यास हातभार लावला. राजाश्रय जाऊन लोकाश्रय आला, म्हणून ही विद्या वांचली.

काळानें रिंगणांतील जनावरें मात्र उचलून नेलीं. वाघ, सिंह, बिबळे, अस्वलें आणि माकडें यांचे खेळ करण्यास भारत सरकारनें १९९८ सालीं मनाई केली आणि २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. मुक्या जनावरांच्या हालांचा विचार करतां हा निर्णय योग्यच होता. तंबूचें मुख्य आकर्षण मात्र गेलें आणि एकामागून एक सर्कशी बंद पडल्या. जें उरलें, त्यांत मोटारसायकलीचा स्वार आहे. घोड्याची जागा इंजिनानें घेतली, ४२ फुटांच्या रिंगणाची जागा ३० फुटांच्या विहिरीनें घेतली. फेरी मात्र तीच राहिली.

येथें एक खंत नोंदविली पाहिजे. विष्णुपंतांचें नांव इतिहासांत राहिलें, कारण त्यांच्यापाशीं सर्कस होती, संस्थानिकांचा स्नेह होता आणि लिहिणारी माणसें त्यांच्या भोंवतीं होतीं. विहिरींतल्या स्वाराचें नांव बहुधा फलकावरहि नसतें. तो पुष्कळदा शिरस्त्राणावांचून फिरतो, एका दिवसांत कितीतरी खेळ करतो, आणि हातपाय मोडला तर त्याच्या घरीं चूल कशी पेटेल हें कोणी विचारीत नाहीं. ज्या विद्येला लोकाश्रयानें वांचविलें, त्या विद्येचा आजचा धनी लोकांनीं टिपण्यासाठीं पुढें केलेल्या नोटेवर अवलंबून आहे. हिंदी माणसाला हें साधणार नाहीं, हा आक्षेप १८८० सालीं खोडून निघाला. ज्याला तें साधलें आहे, त्याचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न मात्र विष्णुपंतांच्या मागें समाजावर उरला आहे. आणि त्याचें उत्तर कोणा एका जिद्दी स्वारानें द्यावें, अशी अपेक्षा करणें रास्त होणार नाहीं.