नोकरीत ‘गॅप’ पडलाय? रांजणगाव-कुरकुंभच्या पट्ट्यात पुन्हा टिकाऊ काम मिळवताना काय कामाला येतं?

सात महिने एका कंपनीत, दोन महिने घरी, मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे पाच महिने, त्यानंतर पोलीस भरतीची तयारी, आणि आता वय २७. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कितीतरी मुलांचा बायोडेटा साधारण असाच दिसतो. मुलाखतीला गेलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, “मधे काय करत होता?”

गॅप म्हणजे मुलगा टिकत नाही, असा एचआरचा समज असतो. घरचेही तेच म्हणतात. पण या दोन तालुक्यांत गॅप का पडतात ते पाहिलं, तर बऱ्याच वेळा त्यात मुलाचा दोष कमी आणि काम देण्याच्या पद्धतीचा हात जास्त असतो.

गॅप येतो कुठून?

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव एमआयडीसी. इथे फ्रीज, वॉशिंग मशीन, गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ एमआयडीसी, तिथे मुख्यतः केमिकल आणि औषधांचे कारखाने. दोन्हीकडे कंपनीच्या पटावरचे कायम कामगार वेगळे आणि कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेले वेगळे. ऑर्डर वाढली की माणसं वाढतात, कमी झाली की सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टवाले घरी जातात.

त्यात तो प्रसिद्ध ‘ब्रेक’. सात महिने झाले की ब्रेक का देतात? याचं मूळ २४० दिवसांच्या हिशोबात आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १२ महिन्यांत २४० दिवस काम झालं की एक वर्षाची सलग सेवा धरली जायची, आणि मग कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागायची. महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्येही तात्पुरत्या कामगाराला कायम करण्यासाठी २४० दिवसांचाच निकष होता. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. गणित सोपं आहे.

कामगाराला कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात ‘अनुचित कामगार प्रथा’ आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही ती आहे. पण हे सिद्ध करायला कामगाराकडे कागद लागतो, आणि नेमका तोच त्याच्याकडे नसतो.

दुसरा गॅप भरतीचा. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्यामुळे या भागात वर्दीचं आकर्षण मोठं. पण एसआरपीएफसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २५ आणि पोलीस शिपाई पदासाठी २८ आहे. मागास प्रवर्गाला पाच वर्षांची सवलत मिळते. मैदानावर तीन-चार वर्षं गेली आणि निवड झाली नाही, तर बायोडेटात तेवढी जागा कोरी राहते.

तिसरा गॅप साखर कारखान्याचा. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना मागच्या काही हंगामांत बंद राहिला. पाटसचा भीमा कारखानाही बंद पडला होता, भाडेतत्त्वावर चालवायला दिल्यावर तो पुन्हा सुरू झाला. पंधरा-वीस वर्षं एकाच ठिकाणी काम केलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर नव्याने काम शोधायला निघतो, तेव्हा त्याचा त्रास विशीतल्या मुलापेक्षा कितीतरी वेगळा असतो. बायकांच्या बाबतीत लग्न आणि लहान मुलं, हे तर कोणी गॅप म्हणून मोजतसुद्धा नाही, थेट नकार देतात.

पीएफचा नंबर एकच ठेवा

गॅपवर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे यूएएन, म्हणजे पीएफचा १२ आकडी नंबर. कॉन्ट्रॅक्टर चार बदलले तरी हा नंबर एकच राहायला हवा. नव्या ठिकाणी “आधी पीएफ नव्हता” असं सांगून दुसरा नंबर काढला की जुनी सेवा वेगळी पडते.

ईपीएफओच्या पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’ दिसते. कुठल्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतात, याची ही सरकारी नोंद आहे. कॉन्ट्रॅक्टरने अनुभवाचं पत्र दिलं नाही तरी ही नोंद आणि पासबुकातले महिने दाखवता येतात. अनेकांचं घोडं अडतं ते ‘डेट ऑफ एक्झिट’वर. काम सोडल्याची तारीख कॉन्ट्रॅक्टर टाकत नाही आणि पुढची ट्रान्सफर अडकते. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ही तारीख कामगाराला स्वतः पोर्टलवर टाकता येते, हे फार जणांना माहीत नसतं.

आता पैसे काढण्याचं. काम सुटलं की गावात पहिला सल्ला मिळतो, “पीएफ काढून घे.” घरात अडचण असेल तर काढावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण फक्त बाइकच्या हप्त्यासाठी काढणार असाल तर एक हिशोब बघा.

पीएफबरोबर पेन्शनचाही हप्ता जातो. पेन्शनला पात्र व्हायला एकूण १० वर्षं सेवा लागते, आणि ती सलग असावी अशी अट नाही. तीन वर्षं रांजणगावात, दोन सणसवाडीत, पाच कुरकुंभात, मधे गॅप कितीही असो, बेरीज १० होते. १५,००० रुपये पगारमर्यादेवर १० वर्षांचं पेन्शन ५८व्या वर्षापासून महिना साधारण २,१४३ रुपये येतं. सूत्र असं: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. रक्कम मोठी नाही, मान्य. पण प्रत्येक ब्रेकला पेन्शनचेही पैसे काढले तर तेवढी वर्षं पुसली जातात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. काढायचेच असतील तर पीएफ काढून पेन्शनसाठी ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेता येतं, त्यात सेवा शाबूत राहते.

ऑक्टोबर २०२५मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने नियम बदलायचा निर्णय घेतला. काम सुटल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच, पूर्ण रक्कम १२ महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम ३६ महिन्यांनी, असा तो निर्णय आहे.

काम सुटल्यावर ईएसआयसी पैसे देते का?

देते, पण अटी आहेत. ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ जुलै २०१८पासून आहे. विमाधारक कामगाराची नोकरी गेली तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य काम झालेलं असावं लागतं, आणि गैरवर्तनावरून काढलं असेल तर मिळत नाही. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, त्यामुळे आधी ईएसआयसीच्या शाखेत विचारून घ्यायचं. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात ते कशासाठी, याचं एक उत्तर हे आहे.

जुनं काम नव्या जागी कसं विकायचं?

“मी कारखान्यात होतो” या वाक्याला बाजारात किंमत नाही. “माझ्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे” याला आहे. बॉयलर चालवायला कायद्याने प्रमाणपत्रधारक माणूस लागतो. साखर कारखान्यातला बॉयलर आणि केमिकल कंपनीतला बॉयलर यात फरक असला तरी सर्टिफिकेट तेच चालतं. म्हणजे न्हावऱ्यात किंवा पाटसमध्ये वर्षानुवर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला कुरकुंभात दार उघडं आहे, फक्त कागद हवा. राज्याचं बाष्पके संचालनालय त्यासाठी परीक्षा घेतं.

आयटीआय करू शकणाऱ्या मुलांनी कुरकुंभ डोक्यात ठेवून एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड बघावा. सगळे फिटर आणि इलेक्ट्रिशियनकडे धावतात, तिथे रांगही तेवढीच लांब. हातात कला आहे पण कागद नाही, अशा वेल्डर किंवा वायरमनसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा मार्ग ठेवला होता. पुन्हा कोर्स न करता आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना ठरला. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून ११ महिने. ही नोकरी नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. मात्र तिथलं प्रमाणपत्र कोरी जागा भरायला उपयोगी पडतं.

गॅपबद्दल विचारलं तर?

तारखा ओढून-ताणून जोडण्यात अर्थ नाही. कंपनी यूएएन टाकते आणि सगळं समोर येतं. “कॉन्ट्रॅक्ट संपला, ब्रेक मिळाला, त्यानंतर भरतीची तयारी केली, आता वय निघून गेलं आणि मला इथेच काम करायचंय” हे सरळ सांगितलेलं रांजणगावातल्या कुठल्याही एचआरला कळतं. त्याच्यासमोर दिवसभर तीच गोष्ट सांगणारी मुलं बसलेली असतात.

कंपनीलाही एक कारण देता येतं. ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजने’त १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नोकऱ्यांसाठी मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे. त्यातला १५,०००पर्यंतचा कामगाराचा हिस्सा फक्त पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्यांसाठी. मालकाचा हिस्सा मात्र गॅपनंतर पुन्हा रुजू होणाऱ्या कामगारावरही मिळतो.

‘हो’ म्हणण्याआधी

कॉन्ट्रॅक्टर खरा आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधलं की नोंदणी आहे का आणि पीएफचे हप्ते भरले जातात का, हे कोणालाही दिसतं. गेटपाससाठी किंवा ‘साहेबांना द्यायला’ आधी पैसे मागणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नये.

नव्या संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, ते मागून घ्यावं. ठरावीक मुदतीच्या नोकरीवर थेट कंपनीने घेतलं असेल तर एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते, आधी त्यासाठी पाच वर्षं लागायची. म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडचे १६,००० आणि कंपनीच्या मुदतीच्या नेमणुकीवरचे १५,००० असे दोन पर्याय समोर आले, तर हजार रुपयांकडे बघून ठरवू नये. रात्रपाळीबाबत महिलांची संमती घ्यावी लागते, आणि सुरक्षेची व ने-आणीची सोय मालकाने करायची असते. रात्री न्हावरे-चौफुला रस्त्याने घरी जायचं असेल तर हा मुद्दा पगाराच्याही आधी विचारण्याचा आहे.