जर्मनीतील मुलकी नोंदवह्या आणि पूर्वजांचा शोध

जर्मन पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्या अभ्यासकास पहिला प्रश्न पडतो तो नावाचा नव्हे, गावाचा. जर्मनीतील सर्व जन्म, विवाह व मृत्यू यांची एकत्रित सूची कधीच तयार झाली नाही. नोंद त्या त्या गावच्या कचेरीत झाली आणि बहुधा त्याच परिसरात राहिली. ‘आमचे घराणे जर्मनीहून आले’ एवढीच कुलकथा ज्यांच्यापाशी उरली आहे, त्यांना हे दप्तर दाद देत नाही. गाव कळले तरी दुसरा प्रश्न उभा राहतोच : हव्या असलेल्या वर्षी तेथे राज्य कोणाचे होते?

मुलकी नोंदणी ही मूळची फ्रेंच राज्यक्रांतीची निर्मिती. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने ही दप्तरे धर्मगुरूंच्या हातून काढून नगरसंस्थांकडे सोपविली, आणि फ्रेंच सैन्यामागोमाग ती व्यवस्था ऱ्हाईनच्या पश्चिम तीरावर आली. आखेन, कोब्लेन्ट्स, ट्रिअर व माइन्ट्स ही मुख्य ठाणी असलेल्या चार नव्या विभागांत ती १७९८ पासून रुजू झाली. या काळातील नोंदी वाचताना कालगणनाच प्रथम अडविते. १८०५ अखेरपर्यंतच्या तारखा क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे आहेत. ‘ब्र्यूमेर महिन्याचा १८ वा दिवस, वर्ष ८’ म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. भाषाही पुष्कळ ठिकाणी फ्रेंच, आणि तीत गावचा योहान ‘जाँ’ होऊन बसलेला. परंतु या त्रासाच्या मानाने लाभ मोठा आहे. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेप्रमाणे विवाहप्रसंगी आईबापांच्या संमतीचा प्रश्न येई. ते हयात नसल्यास आजोबा-आजींच्या. साहजिकच विवाहाच्या नोंदीस जोडलेल्या कागदांत वधूवरांच्या जन्माचे, त्यांच्या आईबापांच्या मृत्यूचे आणि प्रसंगी आजोबांच्याही मृत्यूचे दाखले आढळतात. १८१० मधील एखाद्या विणकराचे लग्न अशा रीतीने अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाट काढून देते. चर्चच्या नोंदवहीकडून इतकी अपेक्षा सहसा करता येत नाही.

नेपोलियनच्या पाडावानंतर वेस्टफालियासारख्या प्रदेशांत हे काम पुन्हा चर्चकडे गेले. ऱ्हाईनच्या पश्चिमेस मात्र नवे राज्यकर्ते येऊनही मुलकी नोंदणी चालू राहिली. प्रशियाच्या उर्वरित प्रांतांत १८४७ पासून ज्यूंच्या व चर्च सोडून गेलेल्यांच्या नोंदी न्यायालये ठेवू लागली, एवढाच अपवाद. बाकी जनतेसाठी हा बदल घडून आला तो बिस्मार्क व कॅथलिक चर्च यांच्या झगड्यातून. प्रशियाने ९ मार्च १८७४ रोजी केलेला कायदा १ ऑक्टोबरपासून अमलात आला. ६ फेब्रुवारी १८७५ च्या कायद्याने १ जानेवारी १८७६ पासून सर्व साम्राज्यात ‘श्टांडेसाम्ट’ म्हणजे नोंदणी-कचेरी हीच अधिकृत ठरली. जन्माची वर्दी आठवड्याच्या आत द्यावयाची. विवाह प्रथम कचेरीत, मग चर्चमध्ये. प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत स्वतंत्र ठेवली जाई. युद्धात कचेरी जळाली तरी शोध तेथेच संपत नाही, तो या दुसऱ्या प्रतीमुळे.

मात्र या नोंदी सरसकट सारख्या विश्वासार्ह मानता येत नाहीत. जन्माची नोंद ताज्या घटनेची असते. मृत्यूच्या नोंदीतील जन्मस्थळ व आईबापांची नावे मात्र कोणा जावयाने किंवा शेजाऱ्याने आठवून सांगितलेली असतात, आणि कारकून ती जशीच्या तशी उतरून घेतो.

नोंदीत आईबापांचा धर्म लिहिला जाई. १८७५ मध्ये त्यात कोणाला वावगे वाटले नसावे. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ‘आर्येतर’ सरकारी नोकरांना काढून टाकण्याची तरतूद झाली आणि लक्षावधी लोक आजोबा-आजींचे दाखले जमवू लागले. नोंदणी-कचेऱ्या व चर्चची दप्तरे यांवर एकाएकी अशा मागण्यांचा लोंढा आला. ज्याला नाझी सत्ता वंश म्हणत होती त्याचा कागदोपत्री पुरावा अखेर आजोबांचा धर्म एवढाच होता. रक्ताची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. धर्मसंस्थेपासून नागरिकाला मोकळे करण्यासाठी जे दप्तर उभारले गेले, तेच त्याला नागरिकत्वातून वगळण्याच्या कामी आले.

याची खूण नोंदीच्या समासात पाहावयास मिळते. १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंना ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ हे जादा नाव घेणे भाग पडले, आणि निबंधकांनी तसा शेरा अनेकांच्या जुन्या जन्मनोंदींच्या कडेला लिहिला. १८८० मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नोंदीशेजारी ५९ वर्षांनंतरचे हे हस्ताक्षर आढळते. त्याखाली कित्येकदा १९४५ नंतरचा, तो शेरा रद्द झाल्याचा दुसरा शेरा. काही नोंदींखाली मात्र हा दुसरा शेरा नाही.

१ जानेवारी २००९ पासून जन्माच्या ११०, विवाहाच्या ८० व मृत्यूच्या ३० वर्षांपेक्षा जुन्या नोंदी अभिलेखागारांकडे जातात व तेथे कोणासही पाहता येतात. तोवर त्या मुख्यतः जोडीदार, पूर्वज व वंशज यांनाच खुल्या होत्या. १९४९ च्या मूलभूत कायद्याचे ११६ वे कलम नाझी काळात नागरिकत्व हिरावल्या गेलेल्यांच्या वंशजांना ते परत मागण्याचा हक्क देते. तो सिद्ध करण्यासाठी जन्म-विवाहांची साखळी याच नोंदवह्यांतून जोडावी लागते. अशा शोधात संक्षिप्त दाखल्यावर भागत नाही. मूळ नोंदीची समासासह प्रत मागावी लागते, कारण संक्षिप्त दाखल्यात समास येत नाही.