नकाशाच्या कडेला ठेवलेला कारखाना

आजचा भाग धुराच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या धुरापासून करतो.

शहर वसवायचे गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला एक हिशोब तोंडपाठ असतो: कारखाना बांधला की उत्पादन वाढतं आणि प्रदूषणही. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ १९८९ साली आला, तेव्हापासून हा पेच आहे. कारखाने नसतील तर नोकऱ्या नाहीत आणि नोकऱ्या नसतील तर वस्ती वाढत नाही. पण धूर घरांपर्यंत पोचला की जागेची किंमत पडते. कोळशाचं वीजकेंद्र स्वस्त पडतं, अणुवीज महाग.

१९९१ मध्ये सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ने हाच पेच अख्ख्या जगावर नेला. शहराचं उत्पादन फार वाढलं की आसपासच्या एखाद्या चौकोनावर प्रदूषणाचा डाग पडतो आणि तिथलं उत्पन्न घटतं. माणसं पाठवून तो साफ करावा लागतो. डाग साचू दिले तर तापमान वाढतं आणि चांगल्या जमिनीचं वाळवंट नाहीतर दलदल होते.

आता माझी कबुली. ‘सिमसिटी’त एक जुनी युक्ती आहे: धुराचा कारखाना नकाशाच्या अगदी कडेला बांधायचा. धूर चारही बाजूंना पसरतो, पण नकाशाबाहेर मोजायला काहीच नसतं. निम्मं प्रदूषण गायब आणि उत्पादन मात्र पुरेपूर! ही युक्ती सापडली तेव्हा मी स्वतःवर जाम खूश होतो. मग ब्रिटनचा इतिहास वाचला आणि कळलं, की ही युक्ती गेमच्या आधीच वापरून झाली होती.

डिसेंबर १९५२. लंडनमध्ये थंडी होती, वारा पडलेला होता आणि घराघरांत कोळसा जळत होता. ५ ते ९ तारखेपर्यंत धूर आणि धुकं शहरावर बसून राहिलं. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसं दगावली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांत धूरमुक्त भाग ठरले, घरातला कोळसा कमी होत गेला. वीज मात्र कोळशावरच बनत राहिली. फक्त मोठी केंद्रं शहरांपासून लांब गेली आणि त्यांची धुराडी उंच झाली. यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्राचं धुराडं २५९ मीटर उंच आहे! कल्पना अशी, की उंचावर सोडलेला धूर वाऱ्याने विरून जाईल.

लंडनची हवा सुधारली, हे खरंच. पण धुरातलं गंधक कुठे जाणार? वाऱ्याबरोबर ते उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वे-स्वीडनमध्ये पावसातून उतरलं. तळी आम्लयुक्त झाली, मासे मेले. गंधक एकट्या ब्रिटनचं नव्हतं, पण त्यांचा वाटा मोठा होता. १९६७ साली स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने हा संबंध जाहीरपणे मांडला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने तो जगापुढे ठेवला. १९७९ साली सीमापार प्रदूषणावर करार झाला. तरीही १९८५ साली गंधक ३० टक्के कमी करण्याच्या करारावर ब्रिटनने सही केली नाही. पुढे ड्रॅक्सला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावीच लागली.

म्हणजे ब्रिटनचा हिशोब चुकला नव्हता, नकाशा अपुरा होता. वीज त्यांच्या खात्यात जमा होत होती आणि मेलेले मासे दुसऱ्याच्या.

२०१९ साली ‘सिव्हिलायझेशन ६’च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये ही पळवाट उरली नाही. तिथे सगळ्या देशांचा कार्बन एकाच खात्यात जमा होतो आणि समुद्राची पातळी वाढली की सखल किनारा बुडतो. तुम्ही कोळशाचं एकही केंद्र बांधलेलं नसलं तरी तुमचाही.

आज रात्री गेम उघडाल तेव्हा एक करून बघा. कडेचा कारखाना पाडा आणि तोच शहराच्या मधोमध बांधा. मग सांगा, उत्पादन अजून तेवढंच स्वस्त वाटतंय का? मी करून पाहिलं. मला चार कारखाने बंद करावे लागले.

भेटू पुढच्या भागात!